106 वर्षं टिकलेलं सागवानी जहाज आणि घरामागे उपडी पडलेली नाव

गडचिरोलीत प्राणहिता नदीकाठच्या गावातल्या एका तरुण भावाने विचारलंय. त्यांच्या घरामागे आजोबांची फळ्यांची नाव 15 वर्षांपासून उपडी पडून आहे. आजोबा म्हणायचे, सागाला मरण नाही. आता त्यांच्या वाचनात आलं की ब्रह्मदेशातल्या सागाचं एक मालवाहू शिडाचं जहाज 106 वर्षं टिकलं आणि शेवटी अमेरिकेत जळून गेलं. हे खरं का? साग मरत नाही तर मग जहाज गेलं कसं? आपल्या आलापल्लीच्या सागाची अशी जहाजं झाली का? आणि सगळ्यात शेवटी, जरा चाचरतच, की ही नाव पुन्हा पाण्यात घालता येईल का.

भाऊ, मी लाकडातला माणूस. वडील सुतार होते, ढिवर लोकांचे डोंगे दुरुस्त करायचे. मी स्वतः 36 वर्षं आरागिरणीवर आणि डेपोच्या लिलावांत लाकूड पारखण्यात घालवली. समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिला. पण लाकडी जहाज म्हणजे शेवटी सुतारकामच, त्यामुळे त्याबद्दल जे हाती लागेल ते वाचत आलो. तुम्ही म्हणता ते जहाज खरं आहे. नाव ‘सक्सेस’.

1840 साली ब्रह्मदेशाच्या तेनासरीम किनाऱ्यावर नातमू इथे ते बांधलं गेलं. मालक कलकत्त्याची व्यापारी पेढी. लांबी सुमारे 117 फूट, रुंदी 27 फुटांच्या आतबाहेर, 621 टनांचं. म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या वाड्याच्या दर्शनी भिंतीएवढं लांब आणि तीन बैलगाड्या शेजारी शेजारी सहज उभ्या राहतील एवढं रुंद. सुरुवातीला हिंदुस्थानच्या आसपास माल वाहिला, मग लंडनच्या मालकांकडे गेलं आणि ऑस्ट्रेलियाला स्थलांतरितांच्या फेऱ्या केल्या. 1852 मध्ये मेलबर्नला लागलं तेव्हा तिथे सोन्याची धूम होती. खलाशी जहाज सोडून खाणींकडे पळाले. रिकामं जहाज तिथल्या सरकारने विकत घेतलं आणि बंदरात नांगरून त्याचा तुरुंग केला. तिथल्या तुरुंगांचा मुख्य अधिकारी जॉन प्राइस याला 1857 मध्ये कैद्यांनी ठार मारलं, त्या प्रकरणात या जहाजावरचेच कैदी होते. पुढे तुरुंग गेला आणि जहाजाचं कोठार झालं.

1890 मध्ये काही हौशी व्यापाऱ्यांनी ते घेतलं आणि तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात केली. कोठड्या, बेड्या, मेणाचे पुतळे. धंदा चालला नाही, तेव्हा सिडनीजवळ ते पाण्यात बसलं. ही पहिली बुडी. मग दुसऱ्यांनी वर काढलं, 1895 मध्ये इंग्लंडला नेलं, आणि तिथे गावोगाव फिरवलं. 1912 च्या एप्रिलमध्ये ते शिडांवर अटलांटिक ओलांडायला निघालं. टायटॅनिकही त्याच महिन्यात निघालं होतं. ते कोरं पोलादी जहाज पाच दिवसांत तळाला गेलं, आणि हे 72 वर्षांचं सागाचं म्हातारं 96 दिवस हेलकावत बॉस्टनला पोचलं. मी हे लिलावात बसणाऱ्या पोरांना मुद्दाम सांगायचो. अर्थात टायटॅनिक हिमनगावर आदळलं आणि हे आदळलं नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर सागाची खोटीच फुशारकी होईल.

अमेरिकेत नद्यांतून, सरोवरांतून ते फिरत राहिलं. 1915 चं सॅन फ्रान्सिस्कोचं प्रदर्शन झालं, 1933 चं शिकागोचं झालं. मध्ये थोडे दिवस पुन्हा माल वाहिला आणि 1918 च्या हिवाळ्यात केंटकी राज्यात ओहायो नदीत बर्फाच्या तडाख्याने बुडालं. ही दुसरी बुडी. पुन्हा वर काढलं. तिसरी बुडी 1940 नंतर, एरी सरोवराच्या काठी सँडस्की गावात, धक्क्याला बांधलेलं असताना वादळात. तेव्हा ते भंगाराच्या भावात गेलं. मोडून लाकूड काढायचं म्हणून ओढत पोर्ट क्लिंटनला नेलं, तर वाटेत किनाऱ्याजवळच उथळ पाण्यात रुतून बसलं. 4 जुलै 1946 ला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, त्याला आग लागली. कुणीतरी लावली असाच संशय होता. पाण्याच्या रेषेपर्यंत जळालं. खालचा भाग आजही तिथे पाण्याखाली आहे.

त्या जहाजाच्या वयाबद्दल एक गंमत. तिकीट विकणारे सांगायचे की हे 1790 चं जहाज, इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारं. सगळी थाप. त्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला एकही कैदी नेला नाही आणि 50 वर्षं वाढवून सांगितली होती. हे वाचून मला हसू आलं, कारण आपल्याकडे वाडा मोडून लाकूड विकणारा प्रत्येक जण ‘भोसल्यांच्या काळातलं’ म्हणतो. एकदा एका तुळईबद्दल असंच छातीठोक सांगणाऱ्या गृहस्थांना मी तिचा कापलेला तोंडवळा दाखवला. त्यावर गोल आऱ्याच्या दात्यांच्या वाकड्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. भोसल्यांच्या काळात लाकूड हाताने करवतायचे किंवा वाकसाने तासायचे. हातकरवतीच्या रेघा सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतात, वाकसाच्या खुणा शिंपल्यासारख्या खोलगट. लाकडाच्या अंगावर आपली बोटं फिरवली तरी कळतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, म्हणजे मरण नाही तर गेलं कसं. आजोबांचं बोलणं अर्धं खरं आहे. मरत नाही तो सागाचा गाभा. साग कापला की मध्ये सोनेरी-तपकिरी गाभा दिसतो आणि कडेने दोन-तीन बोटं पांढरा. गाभ्यात तेल असतं. ताज्या कापाला हात लावला तर मेणचट लागतो आणि जुन्या चामड्यासारखा उग्र वास येतो. याच तेलापायी उधई आणि बुरशी त्याच्यापासून लांब राहतात. पांढऱ्यात हे काही नसतं. पांढरा सागाचा असो की सालईचा, किडा त्यात सारखाच शिरतो. आज बाजारात ‘सागवान’ म्हणून पातळ झाडांचं विरळणीचं लाकूड येतं, त्यात अर्धा पांढरा असतो आणि लोक मग म्हणतात साग पहिल्यासारखा राहिला नाही. साग तोच आहे, भाऊ. तुम्ही पांढरा विकत घेतला.

गाभ्यालाही हवा आणि ओल एकदम मिळाली की त्रास होतो, फक्त इतर लाकडांपेक्षा खूप उशिरा. लाकूड सडायला ओल साधारण 20 टक्क्यांच्या वर लागते आणि सोबत हवा लागते. कायम पाण्याखाली असेल तर हवा नाही, कायम कोरडं असेल तर ओल नाही. आपले जुने लोक विहिरीच्या तळाला उंबराचं नाहीतर जांभळाचं लाकडी कडं बसवायचे. उंबराचं लाकूड बाहेर ठेवलं तर दोन पावसाळे काढत नाही, पण विहिरीच्या तळाला आख्खी विहीर अंगावर घेऊन पिढ्यानपिढ्या बसतं. उलट वाड्याचा सागाचा खांब बघा. वरचं नक्षीकाम जसंच्या तसं, आणि जोत्याला टेकतो तिथली वीतभर जागा पोखरलेली. तिथेच ओल आणि हवा दोन्ही भेटतात.

जहाजाचंही तसंच. तळाशी कमी सडतं. सडतं ते पाण्याच्या रेषेच्या आसपास, आणि त्याहून जास्त वरच्या तक्तपोशीखाली, जिथे पावसाचं गोडं पाणी फटीतून झिरपून कोपऱ्यात बसतं आणि वारा पोचत नाही. खारं पाणी लाकडाला त्या मानाने मानवतं. अमेरिकेतले जहाज बांधणारे तर सापळ्याच्या फासळ्यांमधल्या पोकळीत खडे मीठ भरायचे, पावसाचं पाणी मुरलं तरी खारट होऊन मुरावं म्हणून. आपण लोणच्यात मीठ घालतो त्यामागेही दुसरं काय असतं.

समुद्रात वेगळा शत्रू आहे, तो म्हणजे जहाज पोखरणारा किडा. दिसायला गांडुळासारखा, पण जात शिंपल्याची. बाहेरून टाचणीएवढं भोक आणि आत लाकडाची चाळण. म्हणून जुन्या जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकत. सागाला हा किडा कमी लागतो, अजिबात लागत नाही असं नाही. गोड्या पाण्यात हा किडा जगत नाही. ‘सक्सेस’ची शेवटची बरीच वर्षं अमेरिकेच्या नद्या-सरोवरांत गेली, तिथे तळ शाबूत राहिला याचं एक कारण हे. तुमच्या प्राणहितेतही तो नाही, त्यामुळे त्याची काळजी सोडा.

मला विचाराल तर लाकडी जहाज आधी खिळ्यांत मरतं. विलायतेत जहाजं ओकच्या लाकडाची व्हायची. ओकमध्ये आंबट-तुरट कस (टॅनिन) असतो, तो लोखंड खातो. खिळ्याभोवती काळं वर्तुळ पडतं, खिळा कृश होतो, भोक मोठं होतं आणि फळी हलायला लागते. साग लोखंडाला असा त्रास देत नाही. त्याचं तेल उलट खिळ्याला सांभाळतं. मुंबईच्या वाडियांची जहाजं विलायतेत नावाजली गेली त्यामागे हे मोठं कारण होतं. 1817 मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईत मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ बांधली. ती लढाऊ, मालवाहू नव्हे. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. तिचे नकाशे विलायतेतून आले ते दोनदा पाठवावे लागले. पहिली प्रत ज्या जहाजावर होती ते 1812 मध्ये अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेलं.

खिळ्यांचा हा धडा मी पुस्तकात वाचण्याआधी अंगावर घेतला. पंचवीस-तीसचा असेन. वडील थकले होते, एका डोंगेवाल्याच्या नावेच्या तळाच्या दोन फळ्या बदलायच्या होत्या. साग महाग पडत होता, आणि माझ्याकडे येनाच्या सुंदर सरळ फळ्या पडल्या होत्या. येन, म्हणजे पुस्तकातला ऐन. जड, कठीण, पाण्याला दणकट. मी त्या लोखंडी खिळ्यांनी ठोकल्या. वडिलांनी बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त खिळ्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मला कळलं नाही. येनाच्या सालीने कातडी कमावतात हे मला ठाऊक होतं, पण तोच कस लाकडातही असणार आणि लोखंडाला खाणार, हे डोक्यात आलं नाही. चौथ्या पावसाळ्यात नाव भर नदीत गळायला लागली. माणसं पोहणारी होती, काठ जवळ होता, कुणी गेलं नाही. धानाची पोती तेवढी गेली. नाव वर ओढून बघितली तर फळ्या ठणठणीत होत्या. खिळे बोटाने उपटून निघाले, मधे सुतळीएवढे बारीक झालेले, आणि प्रत्येक भोकाभोवती शाई सांडल्यासारखा काळा डाग. पोत्यांचे पैसे मी हप्त्याहप्त्याने दिले.

‘सक्सेस’चा हिशेब मी असाच लावतो. तीनदा पाण्यात बसलं तरी सापळा सुटला नाही, दोनदा तर वर निघून पुन्हा चाललं. ज्या जहाजाचे सांधे आणि खिळे गेलेले असतात ते वर ओढतानाच विस्कटतं. पण सागाचं जहाजही रोज थोडं पाणी घेतंच. फळ्यांच्या सांध्यांत सुताचे नाहीतर तागाचे पेड ठोकून वरून डांबर ओतलेलं असतं, ते दर काही वर्षांनी उकरून नव्याने भरावं लागतं. आणि आतलं पाणी उपसायला माणूस लागतो. तिकीट विकत होतं तोवर उपसणारा होता. धक्क्याला बांधून विसरलं गेलं तेव्हा एका वादळाचं पाणी पुरलं. शेवटी रुतलेल्या जागी वरचं अंग उन्हावाऱ्यात पडून खडखडीत वाळलं. वाळलेल्या सागाची ढलपी चुलीत टाकून बघा, तेलामुळे कशी धडधडते. शंभर वर्षं बुरशी ज्याला भ्याली तेच तेल काडीला इंधन झालं. पाण्यातला भाग ओला होता, तो उरला.

आता आपल्या सागाचं. ‘सक्सेस’मध्ये आपलं लाकूड नाही, ‘ट्रिंकोमाली’तही नाही. ब्रह्मदेशात साग तोडण्याआधी बुंध्याला गोल खाच पाडून उभाच मारत. दोन-तीन वर्षं उभ्याने वाळू देत, मग तोडत. ओला साग पाण्यात बुडतो, नदीतून वाहून न्यायचा तर आधी वाळायला हवा. मग हत्तींनी ओढून नदीत. हत्ती आपल्याकडेही या कामाला होते. कमलापूरच्या कॅम्पमधले हत्ती लोक आता बघायला जातात, त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी लाकूड ओढलंय.

अहेरीच्या जंगलातला साग प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून खाली किनाऱ्याकडे तराफ्यांनी जायचा. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगा नावाचं बंदर होतं, तिथे लाकडी जहाजं बांधत आणि डागडुजी करत. इंग्रजांच्या डोक्यात तर याहून मोठं होतं. आर्थर कॉटन या इंजिनीअरची योजना होती की गोदावरी-प्राणहिता-वर्धा या वाटेने हिंगणघाटचा कापूस बोटींनी थेट समुद्रावर न्यायचा. वाटेत तीन ठिकाणी खडकांचे अडसर होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा आपल्या अहेरी तालुक्यातला देवलमारीचा. तिथे बांध आणि कालवे सुरूही झाले. पण 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस आगगाडीत बसला. 1871 मध्ये सरकारने योजना सोडून दिली. नाहीतर तुमच्या घरासमोरून मालवाहू बोटी गेल्या असत्या. तेव्हा आपला साग समुद्राच्या वाटेला लागला हे खरं, पण अमुक जहाज आपल्याच लाकडाचं असं नाव घेऊन कुणी सांगितलं तर त्याला तिकीटवाल्यांच्या पंगतीत बसवा.

राहिली तुमची नाव. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती उपडी आहे आणि खाली दगड लावलेत, हे आजोबांनी केलं असेल तर हुशारीने केलंय. पोटात पाणी साचलं नाही, खालून वारा खेळला. नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, वरची फळी पांढऱ्याची आहे, ती गेलेली दिसते. ती बदलावीच लागेल. बाकीच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी दिसतात म्हणून तुम्ही घाबरलात, त्याला घाबरू नका. 15 वर्षं उन्हात पडल्यावर लाकूड आक्रसणारच.

आधी बारीक पेचकस घ्या आणि प्रत्येक खिळ्याच्या शेजारी टोचून बघा. टणक लागलं तर बरं. टोक पावाएवढ्या सहजतेने आत गेलं तर त्या जागी खडूने खूण करा. मग कुठलाही एक खिळा उपटून त्याचा मधला भाग बघा, डोकं नाही. डोकं गंजलेलं असूनही मधे जाड असेल तर ठीक. मधे बारीक झाला असेल तर सगळे बदला, आणि बदलताना तांब्याचे वापरा, महाग पडले तरी. लोखंडी आणि तांब्याचे मिसळू नका, ओलीत तांबं शेजारच्या लोखंडाला खाऊन टाकतं. डांबर लगेच लावू नका. डांबराखाली फट दडते आणि मग नदीच्या मधोमध उघडते.

हे झालं की नाव सुलटी करून काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात दगड भरून बुडवा. हो, बुडवा. पावसाळा संपून पाणी ओसरलेलं असतं तेव्हा करा, पुराच्या दिवसांत नको. आठ-दहा दिवस तशीच राहू द्या. लाकूड फुगून बऱ्याचशा फटी आपोआप मिटतील, आणि ज्या मिटणार नाहीत तेवढ्यांतच सुताचे पेड भरायचे. आधीच सगळ्या ठासून भरल्या तर लाकूड फुगल्यावर फळ्या एकमेकींना ढकलून खिळे उपटतात. नाव बुडवलेली पाहून गावातले लोक तुम्हाला हसतील. माझ्या वडिलांनाही हसायचे.

दहाव्या दिवशी वर काढून पाणी निथळलं की फोटो पाठवा. अख्ख्या नावेचा नको, आतून तळाच्या सांध्यांचा पाठवा, उजेड पलीकडून येईल असा.